कर्ज वीस वर्षांचं, नोकरी दोन वर्षांची

मारुंजीत फ्लॅट बघायला गेलं की सेल्स ऑफिसातला मुलगा पहिलं वाक्य हेच टाकतो, ‘‘सर, ऑफिस इथून दहा मिनिटांवर.’’ त्यात खोटं काही नसतं. दहा मिनिटं त्याने खरोखर मोजलेली असतात, फक्त रविवारी सकाळी सहा वाजता. आणि कोणतं ऑफिस, हे विचारायचं घेणाऱ्यालाही सुचत नाही. हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क गावाला खेटून आहे, कंपन्या ढीगभर आहेत आणि घेणाऱ्याची नोकरी त्यातल्याच एकीत असते. तो वीस वर्षांच्या कर्जावर सह्या करतो, वास्तुशांत करतो, दारावर नावाची पाटी लावतो आणि दोन वर्षांत खराडीच्या कंपनीत जातो.

खराडी म्हणजे पुण्याचं दुसरं टोक. तिकडेही कोणीतरी अशाच भरवशावर फ्लॅट घेऊन बसलेला असतो आणि नेमकी त्याला हिंजवडीची ऑफर येते. मग हे दोघं रोज सकाळी विद्यापीठ चौकात एकमेकांच्या समोरून जातात. मुळात दोघांनी आपापल्या जागी राहायचं ठरवलं असतं तर दोघांचंही पेट्रोल वाचलं असतं आणि विद्यापीठ चौकाचा जीव निम्मा तरी हलका झाला असता. पण जागेवर राहणाऱ्याला या धंद्यात पगारवाढ मिळत नाही. ती जाणाऱ्याला मिळते. हे कोडं समजायला मला निवृत्तीनंतरच्या बऱ्याच संध्याकाळी खर्ची घालाव्या लागल्या.

मी मारुंजीत मुलाकडे राहायला आलो. त्याआधी आयुष्यभर एका सहकारी बँकेत होतो. एकदा चिकटलो तो निरोप समारंभाची शाल आणि नारळ घेऊनच सुटलो. बँकेने मला टिकवण्यासाठी काही खास केल्याचं आठवत नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा यायचा आणि कायद्याने द्यावाच लागणारा ८.३३ टक्के बोनस यायचा, म्हणजे वर्षाच्या बारा पगारांवर तेरावा. मी टिकलो याचं खरं कारण असं की जाणार कुठे, हा प्रश्न होता. बँकेला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि यावर दोन्ही पक्षांनी तीस-पस्तीस वर्षं सभ्यपणे मौन पाळलं.

सूनबाई एका खासगी कंपनीत एचआरमध्ये आहे. सुरुवातीला मला वाटायचं, माणसं घेणं हे तिचं काम. पुढे कळलं की घेणारं खातं वेगळं असतं. हिचं काम आलेली माणसं जाऊ न देण्याचं. त्याला रिटेन्शन म्हणतात. आमच्या बँकेत हे काम स्टेशनरीच्या कपाटापुरतं होतं आणि त्यासाठी कुलूप पुरायचं.

हे खातं एवढं मोठं का झालं, त्याला आकडे आहेत. करोनानंतर आयटीत जी पळापळ झाली तिच्यात २०२२ च्या एप्रिल ते जून तिमाहीअखेर इन्फोसिसमधलं वर्षभरातल्या गळतीचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर टीसीएसचा आकडा २१.५ होता. म्हणजे शंभरातली वीस-पंचवीस माणसं वर्षभरात आपल्या पायांनी निघून जात होती. मारुंजीच्या रस्त्यावर त्या काळात पेढ्यांचा खप वाढला असणार, कारण दर आठवड्याला लिफ्टमध्ये कोणीतरी ‘‘स्विच झालं काका’’ म्हणून पुडा पुढे करायचं. मग कंपन्यांनी उपाययोजना केल्या. बीन बॅग आल्या, टेबल टेनिस आलं, शुक्रवारी पिझ्झा आला, महिला दिनाला गुलाब आले, पारंपरिक वेशभूषा दिनाला फेटे आले. मार्च २०२४ पर्यंत इन्फोसिसचा तो आकडा १२.६ वर उतरला आणि बाकीच्यांचेही उतरले. सगळ्या एचआर खात्यांनी हा आलेख आपापल्या स्लाइडवर अभिमानाने लावला. तेवढ्या काळात बाहेर नवी भरती जवळपास थांबली होती, हे कोणत्या स्लाइडवर होतं का, म्हणून मी सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, ते ‘एक्स्टर्नल फॅक्टर’मध्ये येतं.’’ पाऊस ओसरला की पत्रा गळायचा थांबतो. डांबर लावणाऱ्याने त्याचं श्रेय घ्यायला हरकत नाही, फक्त पुढच्या पावसाळ्यात त्याने गावात थांबावं.

आता नोकरी सोडतात कशी, ते जवळून पाहिलेलं सांगतो.

चिरंजीवाने पेपर टाकला तो दिवस मंगळवार होता. घरून काम असल्यामुळे सगळा सोहळा आमच्या डायनिंग टेबलावर झाला. तीन वर्षं तो या मॅनेजरच्या हाताखाली होता. दर महिन्याला दोघांनी अर्धा तास बसून बोलायचं, त्याला ‘वन-ऑन-वन’ म्हणतात. ते दर महिन्याला कॅलेंडरवर यायचं आणि दर महिन्याला आदल्या रात्री रद्द व्हायचं, इतक्या नियमाने की आमच्या हिने एकदा विचारलं, ‘‘तुझी ती संकष्टी आज नाही का रे?’’ तर त्या मंगळवारी अकरा वाजता राजीनाम्याचा मेल गेला. अकरा वाजून पाच मिनिटांनी मॅनेजरचा फोन आला.

‘‘अरे, कसा आहेस? घरी सगळे बरे? आईबाबा इकडेच असतात ना तुझ्याकडे?’’

मी शेजारी वाटाणे सोलत होतो. तीन वर्षांत आमची विचारपूस पहिल्यांदाच झाली, त्यामुळे जरा भरूनच आलं. मग त्या सद्गृहस्थांनी चिरंजीवाच्या कामाचं असं वर्णन केलं की मला वाटलं फोन चुकून दुसऱ्याच कोणालातरी लागला. टीमचा कणा, क्लायंटचा लाडका, पुढचा लीड. एप्रिलमध्ये याच टीमच्या कण्याला ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ असा शेरा देऊन आठ टक्क्यांवर बोळवलं होतं. बारा मागितले तेव्हा बजेट नव्हतं, शिवाय तो बेल कर्व्हमध्ये, म्हणजे मोजक्यांनाच वरचा शेरा देणाऱ्या वक्रात, बसत नव्हता. आता जुलैमध्ये वक्रही सरळ झाला आणि बजेटही निघालं. दुपारी मॅनेजरच्या मॅनेजरचा फोन आला. रात्री साडेनऊला अमेरिकेतून त्याच्याही वरच्याचा आला. त्याने चिरंजीवाचं नाव चुकीचं उच्चारलं, पण भावना अस्सल होती. शेवटी तीस टक्के वाढ देऊ, असा आकडा पुढे आला.

मी बँकेचा माणूस. मला झोप लागेना. सकाळी चहाला सूनबाईला विचारलं, ‘‘एप्रिलमध्ये बारा टक्क्यांना पैसे नव्हते, मग जुलैमध्ये तिसाला कुठून आले?’’

तिने शांतपणे समजावलं, ‘‘बाबा, ते दोन वेगळे हेड आहेत. इन्क्रिमेंटचं बजेट वेगळं, रिटेन्शनचं वेगळं. रिटेन्शनचे पैसे जाणाऱ्यासाठी असतात. राहणाऱ्याला त्यातून देता येत नाहीत.’’

हिशेबाच्या दृष्टीने यात खोट काढता येत नव्हती, म्हणून मी चहा संपवला.

चिरंजीव काही थांबला नाही. मग नव्वद दिवसांची नोटीस सुरू झाली. हा काळ म्हणजे कंपनीने माणसावर प्रेम करण्याचा अधिकृत हंगाम. पहिला महिना मनधरणीत गेला, दुसरा ‘नॉलेज ट्रान्सफर’मध्ये, म्हणजे याच्या डोक्यात होतं ते उतरवून घेण्यात, आणि तिसऱ्यात याला काहीच काम नव्हतं म्हणून तो इतर कंपन्यांच्या आणखी दोन ऑफर घेऊन आला. शेवटच्या दिवशी केक कापला, ‘वी विल मिस यू’ असं लिहिलेल्या मगमध्ये चॉकलेटं भरून दिली, सगळ्यांनी सह्या केलेलं कार्ड दिलं. कार्डावर एकाने लिहिलं होतं, ‘मीही येतोय, सीव्ही पाठवलाय.’

एक्झिट इंटरव्ह्यू म्हणून प्रकार असतो. का सोडून चाललास, ते कंपनी विचारते. म्हणजे एक फॉर्म येतो. त्यात कारणांची यादी असते आणि त्यातलं एक निवडायचं. चिरंजीवाने ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ निवडलं. ‘‘खरं कारण का नाही लिहिलंस?’’ असं मी विचारल्यावर म्हणाला, ‘‘रिलीव्हिंग लेटर याच लोकांकडून घ्यायचंय, आणि पुढची कंपनी चौकशीला फोन करणार तोही याच मॅनेजरला.’’ त्यामुळे सूनबाईच्या खात्यासारख्या खात्यांकडे दर वर्षी हजारो फॉर्म जमतात आणि सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघतो की बाहेर संधी फार चांगल्या आहेत.

खरं कारण काय असतं, हे ज्या एक्झिट इंटरव्ह्यूतून मला कळलं तो आमच्या स्वयंपाकघरात झाला.

आमच्याकडे पोळ्यांना एक मावशी यायच्या. आमच्याच इमारतीत त्यांची आणखी तीन घरं होती. आदल्या दिवाळीला त्यांनी सूनबाईकडे महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले होते. सूनबाई म्हणाली होती, ‘‘बघू मावशी, पुढच्या महिन्यात.’’ ते पुढचे महिने एकापाठोपाठ एक येत गेले. एका सकाळी शेवटची पोळी डब्यात ठेवून, हात धुऊन, पदराला पुसत मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, एक तारखेपास्नं मला जमायचं न्हाई. डी विंगला काम लागलंय.’’

सूनबाईची दहाची मीटिंग होती. विषयही टॅलेंट टिकवण्याचाच होता. ती तिने पुढे ढकलली. मावशींना खुर्ची दिली. आमच्या घरात त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या, तेही कडेला. चहा टाकला. आणि मग मी कान टवकारले, कारण पुढचं वाक्य मी आधी ऐकलेलं होतं.

‘‘घरी सगळे कसे आहेत मावशी? मुलगी कितवीत गेली आता?’’

‘‘ताई, ती गेल्या सालीच धाव्वी झाली. आता नर्सिंगला हाय.’’

सूनबाई जरा अडखळली, पण सावरली. मावशींच्या पोळीचं कौतुक झालं. बाबांना दुसऱ्या कोणाची पोळी चालत नाही, असं माझंही नाव वापरलं गेलं. मग एकदम पाचशे रुपये वाढ, महिन्यातून दोन रविवार सुट्टी आणि आमचा जुना मिक्सर, असा प्रस्ताव मांडला गेला. मावशींनी चहा बशीत ओतला, प्यायला, बशी खाली ठेवली.

‘‘ताई, दिवाळीला म्या दोनशे मागितलं, तवा तुमी बघू म्हनला. आता पाचशे देताय. मंग वरचं तीनशे तवा कुठं हुतं?’’

दोन हेडची गोष्ट सूनबाईने मावशींना सांगितली नाही, हे तिच्या चतुराईचं लक्षण.

‘‘डी विंगला किती देतात?’’ तिने विचारलं.

‘‘तुमच्याइतकंच. शंभर कमीच आसतील.’’

‘‘मग जाता कशाला?’’

‘‘तिथं पाव्हणं येनार आसलं की त्या आदल्या दिशी सांगत्यात. तुमच्याकडं कनीक मळून झाल्यावर कळतंय.’’

सूनबाईच्या कंपनीने वर्षाला लाखो रुपये देऊन परदेशी सल्लागार कंपनीकडून कर्मचाऱ्यांची पाहणी करून घेतली होती, तिच्यात हे वाक्य नव्हतं. आणि तिच्या ऑफिसात होतं तरी काय वेगळं? शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘क्लायंटला सोमवारी सकाळी हवंय’ असा मेल येतो, म्हणजे पाहुणे आल्याचं कणीक मळून झाल्यावर कळतं. शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन फुगे फुगवत असतो. चिरंजीवाने पेपर टाकायच्या आधीच्या आठवड्यात नेमकं हेच झालं होतं. फॉर्मवर ‘बेटर अपॉर्च्युनिटी’ होतं.

पैशाने बांधायचे प्रकारही या धंद्यात पुष्कळ आहेत. दिवाळी झाली की आमच्या बाजूने कासारसाईकडच्या संत तुकाराम साखर कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत टोळीला हलता येत नाही. चिरंजीवाच्या नव्या कंपनीने त्याला जॉइनिंग बोनस दिला. पत्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वर्षाच्या आत सोडलं तर सगळा परत. वाचून मी म्हटलं, ‘‘उचल घेतलीस की रे!’’ त्याला राग आला. खरं तर रागावण्याचा हक्क टोळीचा होता. तिची उचल फिटता फिटता माणसाची कंबर मोडते, याचा परतावा क्रेडिट कार्डावरही भागला असता. पण उचल देणाऱ्याचं डोकं दोन्हीकडे एकाच दिशेने चालतं. माणूस राहावासा वाटेल असं काही करण्यापेक्षा जाणं महाग करावं.

सरकारनेही आपल्या परीने एक दोरी दिली होती. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी. शेवटच्या महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं आणि मग वर्षांनी. आमच्या पिढीत या रकमेवर मुलींची लग्नं झाली. चिरंजीवाच्या मित्रमंडळात पाच वर्षं कोणाची भरल्याचं ऐकिवात नाही. मी एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला. मूळ पगार पन्नास हजार धरला तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख ४४ हजार होतात. तो म्हणाला, ‘‘बाबा, पंधरा लाखांवर तीस टक्के म्हणजे साडेचार लाख, तेही पहिल्याच वर्षी.’’ मी कागद घडी घालून खिशात ठेवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला आता वर्षभराच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी मिळू शकते, आणि सोडून जाणाऱ्याचा पगाराचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा, असंही त्यात आहे. थोडक्यात, सरकारने दोरी जरा सैल केली.

मग या भागात माणसं टिकतात ती कशाने? माझ्या पाहणीप्रमाणे एक घराच्या हप्त्याने आणि दोन भूमकर चौकाने. ज्याचा हप्ता पाच तारखेला जातो तो एक तारखेला राजीनामा देताना दहादा विचार करतो. आणि ज्याला भूमकर चौकातून वाकडच्या पुलाकडे सरकताना एकदा दीड तास लागला, तो पुन्हा कोणी खराडीची ऑफर दिली तर आधी नकाशा उघडतो. माणपासून शिवाजीनगरपर्यंतच्या तेवीस किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला झालं आणि काम सुरू व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. तेवढ्या अवधीत चिरंजीवाने एक कंपनी धरून सोडली होती. एचआरने खरं म्हणजे दर दिवाळीला वाहतूक शाखेला पेढे पाठवायला हवेत.

राजीनामा ही वाईट गोष्ट, असं समजणंही मला पटत नाही. निदान हिंजवडीच्या पार्कात तरी तसं समजणं कृतघ्नपणाचं आहे. जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली ती दहा हजार रुपयांवर, हे सगळे सांगतात. पण तिचे बहुतेक संस्थापक पटणी कॉम्प्युटर्समधली नोकरी सोडून आलेले होते, हे सांगताना कोणी त्याला गळती म्हणत नाही. पटणीच्या एचआरवाल्यांनी तेव्हा नारायण मूर्तींना खुर्ची देऊन, चहा पाजून, तीस टक्के वाढवून दिले असते, तर आज हिंजवडीत काय असतं, याचा विचार करून पाहावा. बहुधा ऊस असता.

त्याही आधीचं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनला दिली, तशी त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. पुढे लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका बढतीचे पैसे वाचवून त्या संस्थेने महाराष्ट्राला केवढा कारखानदार दिला! ज्याला स्वतःला डावललं गेलं होतं, त्याने वाडीत माणसं कशी ठेवली, तेही बघण्यासारखं आहे. कामगारांना राहायला घरं बांधली, आणि शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांना चक्क रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. त्यांनी तो इमानाने केला. इथे अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलाचा माउस दहा मिनिटं हलला नाही, तर मॅनेजरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. आमच्या मजल्यावरच्या एकाने माउसखाली फिरता पंखा लावून ठेवलाय. कंपनी त्याला पगार देते आणि काम पंखा करतो.

‘ही कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे’ असं प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. फॅमिली डेला मी ते स्वतः वाचलं, डोक्यावर कंपनीची टोपी होती. पण कुटुंबात दर मार्चला कोणाला शेवटच्या दहा टक्क्यांत बसवत नाहीत, नाहीतर मी निवृत्तीच्याच वर्षी गेलो असतो. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये ‘‘काय, सध्या कुठे?’’ हा नेहमीचा प्रश्न कोणी कोणाला विचारत नव्हतं. सगळे मजल्याच्या आकड्यांकडे बघत वर जायचे. माणसं टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या उद्योगाने आपण माणसांसाठी किती टिकतो, हेही कधीतरी एका स्लाइडवर घ्यावं. मुलं हिशेबी झाली, असं आमच्या वयाचे लोक म्हणतात. पण हिशेब त्यांनी उघड्या डोळ्यांनी शिकलाय.

चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड निघतं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका गावकऱ्याने कोणत्या कामाचा मान कोणाकडे, ते बोट दाखवून सांगितलं. या घराचा हा मान, त्या घराचा तो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, पगार शून्य, आणि रजा टाकून, दुसऱ्या गावाहून येऊन माणसं तो पार पाडतात. आपलं काम कोणतं, ते त्यांना पक्कं माहीत असतं आणि ते केलेलं सगळं गाव बघत असतं. चिरंजीवाने तीन वर्षांत काय काम केलं, ते त्याच्या मॅनेजरला राजीनाम्याच्या मेलनंतर पाच मिनिटांनी कळलं होतं.

म्हणून मी सूनबाईला एक योजना सुचवली. दर वर्षी ३१ मार्चच्या रात्री कंपनीने असं समजावं की सगळ्यांनीच पेपर टाकलाय. मग ज्याला जाऊ द्यायचं नाही त्याला एक एप्रिलला फोन करावा, घरचे कसे आहेत ते विचारावं, त्याचं काम त्याला वाखाणून दाखवावं, आणि जुलैमध्ये जो आकडा सुचला असता तो तेव्हाच द्यावा. खर्चाचं म्हणाल तर चिरंजीवाच्या जागी माणूस आणायला कंपनीला काय पडलं, ते मी मांडून दाखवलं. माणूस शोधून देणाऱ्या कन्सल्टंटची फी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के. आकडा बघून मला बँकेची दिवाळी आठवली. म्हणजे राहणाऱ्याला तेरावा पगार नाही, पण त्याच्या जागी दुसरा आणून देणाऱ्याला आहे. त्यावर नव्याचा जॉइनिंग बोनस, त्याची नोटीस लवकर सोडवायला त्याच्या जुन्या कंपनीला भरलेले पैसे, तो काम शिकेपर्यंतचे तीन महिने, आणि त्याचा पगार जुन्यापेक्षा तीस टक्के जास्त. इतकं सगळं कशासाठी, तर एकाला बारा टक्के द्यायचे नव्हते म्हणून.

सूनबाईने कागद नीट वाचला. ती हुशार आहे, तिला पटलंही. म्हणाली, ‘‘बाबा, आयडिया खरंच चांगली आहे. फक्त हे कोणत्या हेडखाली टाकायचं?’’

ऑफिसचं राहू द्या, घरात मात्र तिने सुधारणा केल्या. मावशी डी विंगला गेल्यावर दुसऱ्या मिळेपर्यंत जो मोकळा काळ गेला त्यात पोळ्या ‘ही’ लाटत होती, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि प्रत्येक पोळीबरोबर मला रिटेन्शनवर काहीतरी ऐकायला मिळत होतं. आता नव्या मावशी येतात. पाहुणे असले की त्यांना आदल्या संध्याकाळीच फोन जातो. यंदा दिवाळीच्या आधी, त्यांनी मागायच्या आतच, सूनबाई म्हणाली, ‘‘आई, मावशींचे तीनशे वाढवू या का?’’

ही पेपरातून मान वर न काढता म्हणाली, ‘‘पाचशे दे.’’